लहान झालेले बूट युगांडाला पाठवायचे आहेत? आधी पायाचं माप मागवा

प्रश्न मनीषनगरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या सोसायटीतल्या वीस-बावीस घरांनी मुलांचे लहान झालेले बूट गोळा केलेत. साठ-सत्तर जोड झालेत. बरेचसे चांगल्या कंपन्यांचे, काही तर दोन-तीन वाढदिवसांना घातले तेवढेच. त्यांचे दीर युगांडात कंपालाच्या पुढे नोकरीला आहेत, आणि तिथल्या गावच्या शाळेत निम्मी मुलं अनवाणी येतात असं ते सांगतात. हे बूट तिकडे कसे पाठवायचे, कुठल्या संस्थेमार्फत पाठवायचे आणि पाठवण्याआधी काय करायचं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, एका शब्दात सांगायचं तर पाठवू नका. पण एवढंच सांगितलं की लोक पिशवी उचलून परत माळ्यावर ठेवतात, आणि माळ्यावर ठेवलेला बूट नागपूरचे दोन उन्हाळे काढत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी पार्श्वभूमी. अजनीच्या कंटेनर डेपोत एका क्लिअरिंग एजंटकडे मी बारा वर्षं शिपिंगची कागदपत्रं केली. २००६ पासून जुने बूट गोळा करणं, निवडणं, दुरुस्त करून वाटणं हेच करतोय. म्हणजे माल परदेशी कसा जातो हे मला बुटांच्या आधीपासून कळत होतं. तरीही २००९ मध्ये मी सपशेल तोंडावर पडलो.

झालं असं की पूर्व आफ्रिकेतल्या एका शाळेशी ओळखीतून संपर्क आला. आम्ही २१२ जोड जमवले, धुतले, नऊ पोत्यांत भरले. एका व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये जागा उरली होती, ती त्यानं फुकट दिली. पोती मार्चमध्ये भरली, पण कंटेनर निघायला जून उजाडला. तोवर ती एका टिनाच्या शेडमध्ये पडून. नागपूरचा मे महिना आणि वर टिनाचं छप्पर! पुढे कागदावर आमच्याच माणसानं 'फूटवेअर' एवढंच लिहिलं. नवे बूट आयात-निर्यातीच्या वर्गीकरणात ६४ व्या प्रकरणात येतात. वापरलेले बूट गाठी-पोत्यांतून गेले तर ते ६३०९ मध्ये, जुन्या कपड्यांच्या रांगेत. कर वेगळा, नियम वेगळे. तिकडच्या बंदरातल्या अधिकाऱ्यानं पोतं उघडलं, आत वापरलेले बूट निघाले, आणि माल चुकीचा दाखवला म्हणून अडकवला. अधिकाऱ्याचं काहीच चुकलं नाही. बारा वर्षं तेच कागद केलेला मी, मीच तो कागद नीट वाचला नव्हता.

माल सुटला नोव्हेंबरात. दंड आणि बंदरातलं भाडं आम्ही इथून वर्गणी काढून भरलं. पोती शाळेत पोहोचली आणि तिथून फोटो आले. निम्म्याहून जास्त बुटांचे तळ भुगा होऊन पडले होते. वरून बूट नवाकोरा, आणि खाली खारीसारखे तुकडे. सीताबर्डीवर मुंजे चौकाजवळ आमचे एक मोचीदादा बसायचे. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "बाप्पा, हे बूट नोहे, टोस्ट होय."

हे का होतं ते समजून घ्या, कारण तुमच्या साठ-सत्तर जोडांतही हेच चाललं असणार. पुष्कळशा स्पोर्ट शूजचा आणि शाळेच्या काळ्या बुटांचा मऊ, हलका तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. उष्णतेनं हे काम भराभर होतं. शिवाय वरचा भाग आणि तळ ज्या सोल्यूशननं चिकटवलेला असतो, तेही तापून सुटतं. आपल्याकडे चार महिने भट्टी आणि पुढचे चार महिने दमट. बूट पायात असला तर बिघाड लवकर लक्षात येतो. कपाटात असला तर तीन-चार वर्षांत आतून संपतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. "दोनदाच घातलाय" ही म्हणूनच माझ्या लेखी जमेची बाजू नाही. कधी घेतलाय, ते आधी विचारतो.

पण त्या प्रकरणातलं खरं शिक्षण पुढे झालं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आभाराचं पत्र पाठवलं, अतिशय सभ्य. शेवटी एकच ओळ होती: पुढच्या वेळी आधी विचाराल का? सोबत एक वही होती. वहीत ६४ मुलांचे पाय. प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारलेली, शेजारी नाव आणि वय.

ती वही अजून माझ्याकडे आहे. आम्ही गोळा केलेल्या बुटांची यादी समोर ठेवून एका रविवारी आम्ही चौघं बसलो. बूट भुगा झालेच नसते, सगळे धडधाकट पोहोचले असते, असं धरलं तरी २१२ जोडांपैकी त्या ६४ मुलांना नीट बसले असते फक्त १९. पहिलं कारण म्हणजे आमच्या ढिगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे बूट जास्त होते. घरोघरी तेच जास्त निघतात, कारण त्या वयात पाय भराभर वाढतो आणि बूट झिजायच्या आत लहान होतो. शाळेत मुलं होती सात ते तेरा वर्षांची. त्या वयाचे बूट आपल्याकडे दान होतच नाहीत, ते फाटेपर्यंत वापरले जातात. दुसरं कारण मला तोवर ठाऊकच नव्हतं. अनवाणी वाढलेल्या पायाचा पंजा रुंद असतो, बोटं एकमेकांपासून सुटी असतात. लांबी जुळली तरी आपल्या पोरांचे अरुंद, टोकदार स्पोर्ट शूज त्या पायाला चिमटतात. आणि तिसरं कारण सगळ्यांत साधं. त्या शाळेत गणवेशाला काळे बूटच लागत होते. आम्ही पाठवले होते गुलाबी, निळे, कार्टूनचे, चालताना लाइट लागणारे. पोरांना ते आवडले असते यात शंका नाही, पण शाळेत घालू दिले नसते.

दंड, भाडं, पोती, इथला टेम्पो असा सगळा खर्च आम्ही मांडला. तेवढ्या पैशांत त्या ६४ मुलांना तिथल्याच बाजारातून नवे काळे बूट आले असते, वर पायमोजेही.

तिथल्या बाजारातून, असं मी मुद्दाम म्हणतो. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकानं येतच नाहीत. केनियात लिमुरूला बाटाचा कारखाना भारताच्या स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे, आणि तिथे मुलांच्या काळ्या शाळेच्या बुटांचा मोठा धंदा चालतो. गरिबाच्या पायातली वहाण म्हणजे टायरच्या चपला, केनियात त्यांना 'अकाला' म्हणतात, युगांडात 'लुगाबिरे'. आपल्या वऱ्हाडात जुन्या पिढीनं टायरच्या चपलांवर जन्म काढला, त्याच जातीची वहाण. बसून शिवणारा कारागीर तिथेही आहे.

आणि जुन्या मालाचं म्हणाल तर तिथे त्याची टंचाई मुळीच नाही. युरोप-अमेरिकेतून, चीनमधून जुन्या कपड्यांच्या आणि बुटांच्या दाबून बांधलेल्या गाठी येतात, आपल्या जिनिंगमधून कापसाच्या निघतात तशाच. स्वाहिलीत या मालाला 'मितुम्बा' म्हणतात, म्हणजे गाठोडी. नैरोबीचं गिकोम्बा, कंपालाचं ओविनो हे बाजार त्यावरच चालतात. हजारोंचं पोट त्यावर आहे, हे खरं. त्यात देशी शिलाई आणि चर्मोद्योग मार खातो, हेही खरं. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मिळून हा माल हळूहळू बंद करायचं ठरवलं. रवांडानं जुन्या कपड्यांवरचा कर किलोमागे २० सेंटवरून थेट अडीच डॉलरवर नेला, बुटांवरही वाढवला. त्यावर अमेरिकेनं २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांना मिळणारी करमाफी थांबवली. युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनीही २०२३ मध्ये जुने कपडे देशात येऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं. तुम्ही आपुलकीनं पाठवलेलं पोतं या सगळ्या भांडणाच्या मधोमध जाऊन पडतं, आणि बंदरातल्या माणसाला त्यावर तुमची आपुलकी चिकटवलेली दिसत नाही.

जे बूट कोणालाच बसत नाहीत ते शेवटी कचऱ्यात जातात. कंपालाच्या कितीझी डेपोवर ऑगस्ट २०२४ मध्ये कचऱ्याचा डोंगर खचला आणि तिसाहून जास्त माणसं गाडली गेली. आपल्याला नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोचा वास ओळखीचा आहे. मग आपल्या भांडेवाडीचा वाटा समुद्रापार नेऊन टाकायचा, आणि तोही वाहतुकीचे पैसे आपणच भरून?

आता तुम्ही म्हणाल, पण मुलं अनवाणी आहेत त्याचं काय? तो प्रश्न खराच आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण बूट कशासाठी हे कळलं की कोणता बूट हेही कळतं.

अनवाणी पायाला तिकडे तीन मोठे धोके आहेत. पहिला अंकुशकृमी, ज्याला डॉक्टर हुकवर्म म्हणतात. हा आपल्याकडेही आहे. उघड्यावरच्या विष्ठेतून अंडी मातीत जातात, उबदार ओल्या मातीत अळी होते, ती तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पिते. मूल पांढरं पडतं, दमतं, वर्गात पेंगतं. बुटानं अळीची वाट अडते, पण पूर्ण नाही. घरी आल्यावर बूट निघतोच, अंगणात खेळताना मूल अनवाणीच असतं. म्हणून शौचालय आणि जंताची गोळी यांना पर्याय नाही. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती याचसाठी.

दुसरा धोका आपल्याकडच्या लोकांना माहीत नसतो. वाळूतली एक पिसू, जेमतेम मिलिमीटरभर. तिची मादी नखाखाली, बोटांच्या बेचक्यात, टाचेत शिरून बसते आणि आत वाटाण्याएवढी फुगते. ही मूळची अमेरिका खंडातली, १८७२ मध्ये एका जहाजातल्या वाळूबरोबर अंगोलाच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढच्या काही दशकांत आफ्रिका ओलांडून पूर्वेला पोहोचली. युगांडा-केनियाच्या काही भागांत पोरांना तिच्यामुळे नीट चालता येत नाही. अशा सुजलेल्या पायात घट्ट बूट घालणं म्हणजे छळ. आधी पाय स्वच्छ करून औषध लावायचं, घरातली मातीची जमीन सारवून घट्ट करायची, आणि मग बंद बूट. तोही सैलसर.

तिसरा पोडोकोनिओसिस. उंचावरच्या, ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी राबल्यानं मातीचे बारीक कण पायाच्या कातडीत जातात आणि पाय हत्तीरोगासारखा सुजतो. डास नाही, जंतू नाही, निव्वळ माती. इथिओपिया, कॅमेरून, रवांडा, युगांडाचा काही भाग इथे तो आहे. जगभरात सुमारे ४० लाख लोकांना तो झालाय असा अंदाज आहे. रोज साबणानं पाय धुणं आणि बंद बूट घालणं, एवढ्यानं तो टळतो. ऐकायला केवढं सोपं! पण त्यात 'रोज' आणि 'वर्षानुवर्षं' हे दोन शब्द आहेत. सहा वर्षांच्या मुलाचा पाय महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तुमचा एक जोड त्याला फार तर वर्षभर पुरणार. पुढच्या वर्षीचा जोड कोण देणार? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे त्यानंच पहिला जोड द्यावा, असं माझं मत झालंय. याच अडचणीतून केंटन ली नावाच्या अमेरिकन माणसानं पाच मापांपर्यंत वाढवता येणारी सँडल बनवली. २००७ मध्ये नैरोबीत एका मुलीच्या बुटाचं टोक कापून बोटं बाहेर आलेली त्यानं पाहिली होती. कल्पना जुन्या बुटांच्या पोत्यापेक्षा कितीतरी शहाणी.

फुकट बुटांचा परिणाम मोजायचाही एक प्रयत्न झालाय. टॉम्स ही अमेरिकन कंपनी २००६ पासून एक जोड विकला की एक जोड दान करायची. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल साल्वाडोरमधल्या गावांत त्याचा अभ्यास केला. कंपनीनं तो होऊ दिला, हे तिचं कौतुक. मुलांना बूट आवडले, त्यांनी घातले. पण आरोग्यात, शाळेच्या हजेरीत लक्षात येईल असा फरक पडला नाही. स्थानिक दुकानांचं नुकसान फार नव्हतं, दान केलेल्या वीस जोडांमागे विक्री एका जोडानं कमी झाली असेल. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. 'आपल्या घरच्या गरजा दुसऱ्यांनी भागवायला हव्यात' असं म्हणणारी मुलं बूट न मिळालेल्यांत शंभरात ६६ होती, बूट मिळालेल्यांत ७९. कंपनीनं नंतर ती पद्धतच सोडली. ते आकडे वाचल्यापासून वाटपाचा फोटो काढायला आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवतो.

संस्थेमार्फत पाठवण्याचंही ऐका. जुने बूट घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारायचा: शेवटी हा बूट कोणाच्या पायात जातो, आणि ते तुम्हाला कसं कळतं? सिंगापूरमध्ये पुनर्वापराच्या एका योजनेत बूट गोळा करत होते, ते दळून खेळाची मैदानं आणि धावपट्ट्या करणार असं सांगून. रॉयटर्सच्या वार्ताहरांनी ११ जोडांमध्ये ट्रॅकर लपवून ते पेटीत टाकले. २०२३ मध्ये त्यांनी छापलं की त्यातले बरेचसे इंडोनेशियाच्या जुन्या बाजारात निघाले, जिथे जुन्या कपड्या-बुटांच्या आयातीवर बंदी आहे. सिंगापूरसारख्या काटेकोर शहराची ही गत.

मग तुमच्या दिरांच्या गावच्या शाळेसाठी करायचं काय? पैसे पाठवा. परदेशात देणगी पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेत बसतं. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, हेतूच्या रकान्यात देणगी लिहायचं. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, मनीषनगरला तिची काळजी नाही. फक्त परदेशी शाळेला दिलेल्या पैशावर देणगीवरची आयकराची (८०जी) सूट मिळत नाही, हे वर्गणी देणाऱ्यांना आधीच सांगा. बुटांच्या रूपातल्या दानावर तर देशातही मिळत नाही. दिरांनी तिथल्या शाळेशी बोलून, मापं घेऊन, तिथल्याच दुकानातून काळे बूट घ्यावेत. आमची ती ६४ मुलांच्या पायांची वही २०१० मध्ये अशीच मार्गी लागली. वर्गणी इथून गेली, बूट तिथे घेतले. सलग तीन वर्षं माप वाढेल तसे दिले, मग शाळेच्या पालक-समितीनं ते स्वतःकडे घेतलं.

प्रत्यक्ष बूट न्यायचेच असतील तर एकच रस्ता मला मान्य आहे. दीर सुट्टीवरून परतताना सामानात नेतील तेवढे. तेवीस किलोच्या एका बॅगेत मुलांचे साधारण पन्नास जोड बसतात. पण तेही माप आल्यावरच, त्या-त्या मुलासाठी म्हणून, आणि शाळेचं पत्र बरोबर ठेवून. विमानतळावर पन्नास जोड बूट नेणारा माणूस व्यापारीच दिसतो. कुरिअरचा विचार सोडा. तिथे वजनाबरोबर आकारमानही मोजतात. साठ-पंचेचाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचा खोका भरला बारा किलो, तरी भाडं लागतं चोवीस किलोचं.

आता तुमचे साठ-सत्तर जोड. ते इथेच लागतात, ताई, आणि फार लांबही नाही. दिवाळीनंतर कन्हान-कामठीकडे, कोराडीच्या पुढे, भंडारा रोडला वीटभट्ट्या लागतात. पाऊस येईपर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं तिथे राहतात, छत्तीसगडची, गोंदिया-बालाघाटकडची. मुलं तापल्या राखेत, विटांच्या चुऱ्यात अनवाणी. मे महिन्यात तिथल्या जमिनीवर तुम्ही पाऊल ठेवून बघा. सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना २०२३ पासून राज्य सरकार गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे देतं, पण भट्टीवरचं मूल बहुधा कुठल्याच पटावर नसतं. आणि ज्या तीन-चार वर्षांच्या मुलांचे बूट तुमच्याकडे ढिगानं आहेत, नेमकी तीच मुलं तिथे आहेत. तिथे काळ्या बुटाची अट नाही. गुलाबी चालतो, कार्टून चालतं.

वेळ मात्र सांभाळा. भट्टीसाठी बूट दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत द्यायचे. पाऊस आला की बिऱ्हाडं उठतात. शाळेचे काळे बूट आणि पीटीचे पांढरे कॅनव्हास वेगळे काढा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा त्यांची गरज पडते. एप्रिलमध्ये गोळा करून ते दोन महिने ठेवायचे असतील तर टिनाखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. पलंगाखाली ठेवा.

निवडताना आम्ही काय करतो ते सांगतो. पहिल्यांदा बूट दोन्ही हातांत धरून पंज्याशी वाकवायचा, दहा वेळा, निर्दयपणे. तळाला केसाएवढी भेग दिसली तरी बाद. मग तळाच्या बाजूच्या फोमवर अंगठ्याचं नख दाबायचं. खूण तशीच राहिली किंवा चूर पडला तर बाद. टाच एका बाजूला झिजून तिरकी झाली असेल तर बाद, कारण ती झीज पहिल्या मुलाच्या चालीची आहे आणि दुसऱ्याचा पाय ती मुकाट्यानं उचलतो. नुकत्याच चालायला लागलेल्या बाळांचे फार वापरलेले बूट मी याच कारणानं घेत नाही. शिलाई उसवणं, वेल्क्रो न चिकटणं, तोंड थोडं उघडणं, हे दुरुस्तीचं. वेल्क्रोतला कचरा जुन्या फणीनं निघतो आणि तो पुन्हा धरतो, नवा लावायची गरज दहात दोनदा. आतली गादी काढून वेगळी धुवायची. बूट साबणाच्या पाण्यानं पुसायचे, मशीनमध्ये टाकायचे नाहीत, आणि आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचे. उन्हात टाकलात की सोल्यूशन गेलं.

आणि माप. छापलेल्या नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा अकरा दुसऱ्याच्या साडेबाराएवढा निघतो. पुठ्ठ्याची पट्टी बुटात टाचेपासून टोकापर्यंत सारायची, खूण करून मोजायची, आणि जिभेच्या आतल्या बाजूला मार्करनं मिलिमीटर लिहायचे. वाटताना मुलाच्या पायाच्या लांबीत दहा-बारा मिलिमीटर मिळवायचे. बस्स. दोन्ही बूट लेसनं नाहीतर सुतळीनं एकत्र बांधा. एकटा बूट हा आमच्याकडचा सगळ्यांत मोठा कचरा आहे.

लाइटवाल्या बुटांत बॅटरी असते. ती फुटली, गळली तर तोंडात घालणाऱ्या पोराला धोका, त्यामुळे ते बूट बाजूला काढा. आणि मोठ्या माणसांचे बूट आलेच असतील तर मधुमेही किंवा कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्या कोणाला ते देऊ नका. त्यांना मायक्रोसेल्युलर रबराच्या मापाच्याच चपला लागतात. आत टोचणारा खिळा त्यांना कळत नाही, जखम कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

बाद झालेल्यांचं दुखणं राहतंच. भंगारवाला बूट घेत नाही. तळ चांगला आणि वरचा भाग फाटलेला असेल तर त्याच्या चपला होतात. मुंबईत ग्रीनसोल नावाचा उपक्रम हेच करतो. बाकीचे मी मोचीदादांना देतो. बकल, लेस, चामड्याचे तुकडे त्यांच्या कामी येतात. उरलेलं भांडेवाडीला जातं, आणि ते मला आवडत नाही, पण नाहीही म्हणता येत नाही.

साठ-सत्तरांतले माझ्या अंदाजानं चाळीस निघतील. तुम्हाला ते थोडे वाटतील, सोसायटीतल्या एखाद्या काकूंना रागही येईल, "आमचा एवढा महागाचा बूट बाद केला!" म्हणून. येऊ द्या. त्यांच्या हातात तोच बूट देऊन दहा वेळा वाकवायला सांगा.

आणि दिरांना आजच निरोप द्या. बुटांचं काही बोलू नका, फक्त एक वही विकत घ्यायला सांगा. चौकटींची मिळाली तर बरं, मापं मोजायला सोपी जातात. मुलाला पूर्ण वजन टाकून उभं करायचं, बसवून नाही, कारण उभं राहिल्यावर पाय लांबतो. पेन्सिल सरळ धरायची, तिरकी धरली की आतून चार मिलिमीटर जातात. दोन्ही पायांची रेघ काढायची आणि जो मोठा असेल तो धरायचा.